पसंतीवर आलेलं यंत्र

आमच्या कारखान्यात टेबलावरचे पंखे होत. पंख्याच्या बैठकीवर आणि जाळीवर हिरवा रंग मारून तो भट्टीत भाजत. रंगाला कधी ओघळ येत, कधी फोड येत, आणि मग तो सगळा काढून पुन्हा मारावा लागे. एकाने रंग लावायचा आणि दुसऱ्याने काढायचा, यावर कितीतरी लोकांची पोटं चालली होती. मी काढणाऱ्यांच्या बाजूला होते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. नौपाड्यातून पाचपाखाडीकडे चालत गेलं की भातशेतांच्या कडेला कारखान्याची पत्र्याची छपरं दिसत. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले. प्रयोगशाळा म्हणजे स्टोअरच्या मागची खोली. तिच्यात एक टेबल, एक तराजू आणि मी. अख्ख्या कारखान्यात मी एकटीच बाई, त्यामुळे माझं काम काय याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होई. एकदा ऑफिसातल्या कारकुनाने माझ्याकडे शर्टाचं तुटलेलं बटण आणून दिलं होतं. मी ते तराजूत घालून त्याचं वजन सांगितलं. पुन्हा तो आला नाही.

माझी नोकरी टेंपररी होती आणि हेच घरातलं मुख्य दुखणं होतं. वडील शाळामास्तर. कडक, मोजकं बोलणारे, जे आहे ते तोंडावर सांगणारे. आमटीत मीठ चिमूटभर इकडचं तिकडे झालं तर वाटी बोटाने पुढे सरकवून "अळणी" किंवा "खारट" एवढा एकच शब्द उच्चारत, आणि आई निमूट ती वाटी उचले. तशाच स्वरात त्यांनी मला सांगून टाकलं होतं, "कच्च्या नोकरीसाठी तरुण मुलीने रोज भातशेतांच्या कडेने एकटीने जायचं याला काही अर्थ नाही. दिवाळीपर्यंत पर्मनंट झालीस तर जा. नाही तर घरी बस." घरी बसणं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. कल्याणचं एक स्थळ चालून आलेलं होतं आणि आईने पितळी भांडी चिंचेने घासायला सुरुवात केली होती.

अशात ते यंत्र आलं.

आमचे वर्क्स मॅनेजर काही महिने जर्मनीत राहून आले होते आणि त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य "जर्मनीत" या शब्दाने सुरू होई. जर्मनीत म्हणे रंग काढायला आमच्यासारखी कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या, हात भाजणाऱ्या पाण्याची टाकी वापरतच नाहीत. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पाणी हलवतात, त्या पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि धातूवरचं सगळं काही सुटून येतं. मुंबईच्या एका एजंटाकडून साहेबांनी असं यंत्र मागवलं. विकत नाही, पसंतीवर. बघा, वापरा, पसंत पडलं तर ठेवा, नाही तर परत पाठवा. एक चकचकीत चौकोनी टाकी आणि शेजारी दिव्यांनी भरलेली लोखंडी पेटी. सगळे लोक कामं टाकून बघायला आले. कुणी वाकून खाली पाहिलं, कुणी मागून पाहिलं, कुणी हात लावून पाहिला. मला त्या यंत्राची दया आली. पुढच्या महिन्यात माझंही असंच होणार होतं.

"ऐकू येत नाही तर चालू आहे हे समजायचं कसं?" असा प्रश्न रंगखात्याच्या मामांनी विचारला. प्रश्न रास्त होता. प्रत्यक्षात यंत्र चालू झालं की भजी तळताना येतो तसा चर्र आवाज येई, पण जर्मनीत तो येत नसावा, कारण साहेब म्हणाले, "हा आवाज तुम्हाला येतोय, पण तो खरा आवाज नव्हे."

चाचणीचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "हे पास झालं तर प्रयोगशाळेत एक पर्मनंट जागा होईल. यंत्र चालवायला माणूस लागेलच. शेठ स्वतः येऊन बघणार आहेत." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती जागा त्यांच्या खिशात होती आणि शेठसमोर ते ती काढून दाखवणार होते.

मी कामाला लागले. साहेबांच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पाण्यात सोडून बघितला. काही मिनिटांत त्याची चाळण झाली. म्हणजे यंत्रात दम होता. मग एक रंगीत बैठक साबणाच्या पाण्यात ठेवली. तेल गेलं, धूळ गेली, बोटांचे डाग गेले, आणि रंग असा लखलखायला लागला की विक्रीला पाठवावा. रंगाचा कपचाही निघाला नाही. साहेबांना हे दाखवलं तर ते म्हणाले, "जर्मनीत निघतो."

पुढचे काही आठवडे मी त्या यंत्राशी झगडत होते. पाणी गरम करून पाहिलं, थंड करून पाहिलं, साबण बदलला. शेवटी साध्या धुण्याच्या सोड्यावर आले. सोड्याच्या कोमट पाण्यात भाग आदल्या दिवशी भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी यंत्रात टाकायचे आणि जरा धीर धरायचा. रंग कडांनी सुटू लागे, मग पापुद्रे येत, मग सगळा पाण्यावर तरंगे. कोपऱ्यांत थोडा राही, तो ब्रशने जाई. कॉस्टिक नको, वाफ नको, कुणाचे हात भाजायला नकोत. पहिल्यांदा तसा रंग निघाला तेव्हा त्या कोंदट खोलीत मी एकटीच हसले. मला फार आनंद झाला होता आणि तो सांगायला तिथे कुणी नव्हतं.

सांगायला तसे दोघं होते, पण त्यांना सोड्यापेक्षा माझी काळजी अधिक. एक रंगखात्याचे मामा, कोकणातले, भट्टीजवळ उभं राहून चेहरा तांबडा झालेले. दुसरे टाकीवाले दादा, खाडीकडच्या गावातले आगरी, कॉस्टिकच्या उकळत्या टाकीवर उमेदीची सारी वर्षं गेलेली, हातांवर पांढरे डाग. दोघांनाही माझ्या वयाच्या मुली होत्या. माझ्या पर्मनंटचं, दिवाळीचं आणि कल्याणच्या स्थळाचं त्यांना सगळं ठाऊक होतं. मी रोज म्हणे, "रंग निघतोय, अगदी नीट निघतोय." त्यावर मामा मान हलवत, ताप आलेल्या पोराने "मला बरं आहे" म्हटल्यावर हलवतात तशी. दादा म्हणत, "बाय, तू घोर नको करू. मी हाय ना."

शेठच्या भेटीचा दिवस पंचांग बघून ठरला. जर्मनीत राहुकाळ पाळत नसावेत, पण साहेब पाळत. मी आदल्या दिवशी माझे भाग सोड्यात भिजत घालून बादली टेबलाखाली ठेवली. सकाळी साहेब आले, बादलीत डोकावले आणि नाक मुरडून म्हणाले, "हे असले भिजलेले, पापुद्रे सुटलेले शेठना दाखवायचे? काहीतरी ताजं, चकचकीत हवं. ते मी बघतो. तुम्ही साडी चांगली नेसलात ना?"

साडीचा संबंध लगेच कळला. यंत्राची पूजा होती, शेठचं औक्षण होतं, आणि कारखान्यात बाई मी एकच. माझ्या हातात निरांजनाचं तबक दिलं आणि मला दाराशी उभं केलं. महिनाभर जिने यंत्र चालवलं ती तबक धरून दारात, आणि ज्यांनी त्याला हात लावला नव्हता ते बटणापाशी. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, पेटीला झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. नारळाचं थोडं पाणी लोखंडी पेटीवर उडालं आणि एजंटाने डोळे मिटून घेतले.

शेठ वयस्क, गुजराती, गोड बोलणारे. कुठलाही निर्णय तपकिरीच्या चिमटीशिवाय घेत नसत. चिमूट ज्या डबीतून निघे ती त्यांच्या वडिलांची, अॅल्युमिनियमची, वापरून वापरून काळवंडलेली. मी ओवाळलं, त्यांनी तबकात नाणं टाकलं आणि सगळे यंत्राभोवती जमले.

साहेबांनी जर्मनीपासून सुरुवात करून भाषण केलं. मग एक झगमगती हिरवी बैठक चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवली आणि टाकीत सोडली. रंग लगेच सुटला. साप कात टाकतो तसा अख्खाच्या अख्खा सुटला आणि वर आला. टाळ्या पडल्या. मी मात्र तबक धरून गार झाले, कारण साहेबांनी अजून बटण दाबलंच नव्हतं. टाळ्यांच्या आवाजात त्यांनी घाईघाईने ते दाबून टाकलं.

काय झालं असेल ते मला दारातूनच समजलं. टाकीत माझा सोडा नव्हता. पाण्यातून वाफ येत होती आणि वास ओळखीचा होता. कॉस्टिक. जे कॉस्टिक घालवायला हे यंत्र आणलं होतं तेच त्यात ओतलेलं होतं. गप्प बसले असते तर जागा माझी होती. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. दिवाळी दिसत होती, वडिलांचा चेहरा दिसत होता.

शेठ खूश झाले. त्यांनी तपकीर एका कागदावर ओतली आणि डबी पुढे केली. "आ पण साफ करो. बापूजीनी छे. नवी करी आपो." वडिलांची डबी त्यांना नव्यासारखी करून हवी होती.

"शेठ, डबी घालू नका," मी दारातून म्हणाले. "त्या पाण्यात कॉस्टिक आहे. डबी अॅल्युमिनियमची आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हातात निरांजन धरलेल्या बाईने रसायनाबद्दल बोलावं हे कुणालाच रुचलं नाही. साहेब हसून म्हणाले, "मुली आहेत, घाबरतात," आणि त्यांनी डबी टाकीत सोडली.

कॉस्टिकमध्ये अॅल्युमिनियमचं काय होतं ते शाळेतल्या पोरांनीही सांगितलं असतं. डबीभोवती पाणी उसळायला लागलं, फेस वर आला, काळी घाण पसरली. साहेब आधी म्हणाले, "बघा, काम चालू आहे." मग त्यांचा आवाज बसला. चिमट्याने डबी बाहेर काढली तेव्हा ती काळीठिक्कर होती, झाकणाला भोक होतं आणि बिजागरी टाकीतच राहिली होती.

"मारी डबी," शेठ हळूच म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते रडवेले झाले होते.

मी तबक खाली ठेवलं. "शेठ, यंत्र चांगलं आहे, पण ही चाचणी माझी नव्हे. माझे भाग त्या बादलीत आहेत. टाकी रिकामी करते, साधा सोडा घालते, रंग निघतो की नाही ते तुम्हीच बघा. थोडा वेळ लागेल."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "बेन, तमे ना पाडी हती," एवढं ते म्हणाले. तुम्ही नको म्हणाला होतात. मग त्यांनी सवयीने खिशात हात घातला, तपकिरीसाठी. डबी नव्हती. चिमूट मिळाली असती तर ते थांबले असते, असं मला अजून वाटतं. ते गेले. त्यांच्यामागे साहेब, साहेबांच्या मागे एजंट, आणि त्यांच्यामागे बाकीचे, कारण बाहेर बटाटेवडे गार होत होते. यंत्र नापसंत. यंत्र नाही म्हणून जागाही नाही. साहेबांनी मला जाता जाता ऐकवलं, "जर्मनीत असं मध्ये बोलत नाहीत."

मी टाकी उपसली. मामा आणि दादा मदतीला आले. पाणी भरून झालं तेव्हा मामा म्हणाले, "अगो, साहेबांनी मागवलेली ती बैठक मी भट्टीत घातलीच नव्हती. नुसती उन्हात वाळवली होती. म्हटलं, तुझी अडचण नको."

दादांनी डोकं खाजवलं. "आन मी फकस्त एक बुडी दिली गो. आमच्या टाकीत. तुज्यासाठी."

म्हणजे न भाजलेला रंग, तो आधीच कॉस्टिकमध्ये बुडवलेला, आणि वर साहेबांचं कॉस्टिक. तिघांनी तीन ठिकाणी, एकमेकांना न सांगता. साहेबांनी स्वतःच्या नाकासाठी, या दोघांनी माझ्यासाठी. मला इतका राग आला की हातातला मग मी बादलीत आपटला. "मी सांगितलं होतं तुम्हाला? रोज ओरडून सांगत होते की रंग निघतो! एकालाही खरं वाटलं नाही?"

मग मी माझे भाग टाकीत सोडले आणि बटण दाबलं. आम्ही तिघं टाकीभोवती उभे होतो. बाहेरून वड्यांचा वास येत होता. कडा सुटल्या, पापुद्रे आले, रंग तरंगायला लागला. "आयला," दादा म्हणाले. मामांनी डोळे पुसले. माझं यंत्र पास झालं होतं आणि ते बघायला मला फेल करणारे दोघंच हजर होते.

यंत्र परत गेलं. कुंकू पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे ते सवाष्ण होऊन एजंटाच्या दारात परत गेलं असावं.

घरी मी सगळं सांगितलं. वडिलांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणे." आई पितळी भांड्यांकडे वळली.

रविवारी कल्याणची मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. पोहे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी केले होते. आमच्या सबंध आळीत मुलगी दाखवायची तर पोहे या काकूंचेच, असा रिवाज होता. त्या पोह्यांवर कितीतरी मुलींची लग्नं जमली होती. मी आईला सकाळीच म्हटलं होतं, "मला पोहे येतात. मी करते." आई म्हणाली, "येतात गं तुला. पण आज नको," आणि रंगखात्याच्या मामांसारखीच मान हलवली.

मुलाच्या आईने दोन घास खाल्ले, प्रसन्न झाली आणि विचारलं, "हे तू केलेस?"

आईने माझ्याकडे पाहिलं, वडिलांनी छताकडे. खालच्या काकू स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन उभ्या होत्या. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती हिरवी बैठक आली.

"नाही," मी म्हणाले. "काकूंनी केलेत. माझे हवे असतील तर आत्ता करते. थोडा वेळ थांबावं लागेल."

मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली. मुलगा किंचित हसला असावा, पण त्याच्या आईने पाहिल्यावर त्याने ते आवरलं. मग मुलाच्या मामांना घड्याळ दिसलं. त्यांना डोंबिवलीत आणखी एक मुलगी बघायची होती, उशीर होत होता. काकूंचे पोहे मात्र त्यांनी संपवले.

दार लागल्यावर आई पदर तोंडाला लावून आत गेली. काकू म्हणाल्या, "माझ्या पोह्यांचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता," आणि जिना उतरल्या. वडील खुर्चीत तसेच बसून होते. मी स्वयंपाकघरात गेले. मला इतका राग आला होता की काय करावं कळेना, म्हणून मी पोहे केले. कांदा चिरला, फोडणी दिली, पोहे परतले, वर खोबरं पेरलं, आणि ताटली नेऊन वडिलांच्या पुढ्यात आदळली.

ते खाऊ लागले. मग म्हणाले, "शेठ गेल्यावर तू ते पुन्हा करून पाहिलंस म्हणालीस. निघाला रंग?"

"निघाला."

"सगळा?"

"कोपऱ्यांत थोडा राहिला."

त्यांनी मान हलवली. ताटली शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली, बोटाने पुढे सरकवली आणि म्हणाले, "चांगले झालेत." मी तिथेच उभी राहिले. त्यांच्या तोंडून असा शब्द मी आईच्या स्वयंपाकाबद्दलही ऐकला नव्हता. मग ते उठले, काठी घेतली आणि दारातून म्हणाले, "टेंपररी तर टेंपररी. उद्या वेळेवर नीघ."

मी कढईपाशी गेले. डोळे भरून आले होते आणि भूकही लागली होती. कढईतच उरलेल्या पोह्यांचा एक घास घेतला. मी मीठ घालायला साफ विसरले होते.